रादेक, तुला काढलं होतं

नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. भोईवाड्यातून बाहेर पडताना डाव्या हाताला, जिथे नेत्यांच्या वाढदिवसाचे आणि दहावी पास झालेल्या पोरांचे लागतात, तिथेच. वर आपल्या फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांचा हात जोडलेला मोठा फोटो, आणि कोपऱ्यात गोल चौकटीत तू. तुझा फोटो तू इथे आलास त्या दिवशीचा, फेटा बांधलेला. श्रद्धांजलीच्या बॅनरवर फेट्यातला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. खाली 'शोकाकुल' म्हणून अख्ख्या कमिटीची नावं. ज्यांनी हात वर करून तुला काढायचा ठराव पास केला, ते सगळे ओळीने शोकाकुल झालेत. त्यांच्यात माझंही नाव घुसडलंय, मला न विचारता. भर रस्त्यात माझं डोकं सटकलं.

एवढी वर्षं आपण इंग्रजीत बोललो, तेही मोडक्या. माझं मोडकं, तुझं त्याहून मोडकं. त्यात तू-तुम्हीची भानगड नव्हती. मराठीत बोलायची वेळ आली असती तर मी तुला 'तुम्ही'च म्हटलं असतं, कारण तू वयाने मोठा, शिवाय तू मुख्य कोच आणि मी तुझा सहायक. पण आज मला भांडायचंय, आणि 'तुम्ही' म्हणत नीट भांडता येत नाही.

तुझ्या बायकोचा, हानाचा फोन आला तेव्हा मी आईला बाजारातून आणलेलं सामान डब्यांत भरून देत होतो. सकाळी पाव आणायला निघालास आणि दारातच कोसळलास, असं ती म्हणाली. छातीत दुखणं बरेच दिवस चालू होतं म्हणे. मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. आदल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर आपली मधली फळी किती ढिसाळ झालीय यावर माझी अर्धा तास हजेरी घेतलीस, आणि तेव्हा तुझ्या छातीत दुखत होतं! हाना म्हणाली, दहन झालं. तुमच्याकडेही माणसाला जाळतात हे मला ठाऊक नव्हतं. का कोण जाणे, ते ऐकून जरा बरं वाटलं.

तुमच्या झेक पेपरात तुझ्यावर जे छापून आलं ते मी मोबाईलवर भाषांतर करून वाचलं. मिडफिल्डर होता, नंतर प्रशिक्षक झाला, अमुक क्लब, तमुक क्लब, 'भारतातही काही काळ'. तुझं अख्खं परळ त्यांनी त्या 'काही काळ'मध्ये कोंबलं. मला वाटलं होतं आपलेच लोक कंजूष आहेत, पण तुझेही काही कमी नाहीत.

तुझी खरी गोष्ट तू मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलीस, बहुतेक वेळा प्रॅक्टिस संपल्यावर मैदानावरचे प्लास्टिकचे कोन गोळा करताना. तुमच्या गावात काचेचा कारखाना होता आणि तुझा पहिला क्लब म्हणजे त्या कारखान्यातल्या कामगारांची टीम. मी म्हटलं, अरे, म्हणजे आमच्यासारखंच. आपला क्लबही गिरणीच्या टीममधूनच उभा राहिला आणि माझे बाबा त्या टीमचे लेफ्ट बॅक. तू पुढे मोठ्या डिव्हिजनला गेलास, चांगलं दहा-बारा वर्षं खेळलास, पण गोल मारणाऱ्याला पास देणारा तू कधीच नव्हतास. पास देणाऱ्याला जो पास देतो, तो तू. त्याचं नाव कोण लक्षात ठेवतो?

एकदा तुला देशाच्या टीममध्ये बोलावलं. मॅचभर बाकावर बसलास, शेवटी वॉर्मअप करायला उठवलं आणि तू बाजूच्या रेषेवर पळत असतानाच मॅच संपली. टीव्हीवर तू पळताना दिसलास म्हणून तुझ्या आईने शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. हे तू हसत हसत सांगत होतास आणि माझं रक्त उकळत होतं.

"उतरवलं का नाही तुला?"

"दुसरा माझ्यापेक्षा चांगला होता."

"कोण म्हणालं?"

"मीच."

कोच झाल्यावरही तेच. खालच्या डिव्हिजनच्या टीमला वर आणलंस, की बक्षीस म्हणून तुला काढायचे. एका क्लबने तर काढल्यावर दोन वर्षांनी सहायक म्हणून परत बोलावलं, ज्याला तुझ्या जागी आणलं होतं त्याच्याच हाताखाली, आणि तू गेलास! मी विचारलं, लाज नाही वाटली? तर म्हणालास, "मैदान फार चांगलं होतं." तुला आठवतं, त्या दिवशी मी कोनांची चळत तिथेच टाकून घरी निघून गेलो होतो. आपलं हे भांडण तिथून सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं, माणसाने मान ठेवून राहावं. तुझं म्हणणं, माणसाने खेळत राहावं. फोनवरसुद्धा आपण त्यावर यायचो आणि मग हाना मागून काहीतरी ओरडायची.

आमच्या अध्यक्षांना तू कशाला हवा होतास हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. बिल्डर माणूस, क्लबला 'इंटरनॅशनल लुक' हवा होता. तुला गाडीत घालून मंडळामंडळात फिरवलं. आरतीला उभं केलं, एका सलूनच्या उद्घाटनाची फीत कापायला लावली, कोणाच्या तरी बारशालाही नेलं. गोरा कोच! तू जिथे नेतील तिथे गेलास, पेढे खाल्लेस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मैदानावर हजर. मी म्हणायचो, तुला माकडासारखं नाचवतायत. तू म्हणायचास, पेढा चांगला होता.

पण मसाला गल्लीची आयडिया मात्र तुझी. उन्हाळ्यात, मिरच्या कांडायचा मोसम जोरात असताना, रविवारी सकाळी तू आपल्या मिडफिल्डर पोरांना लालबागला घेऊन गेलास. एकेकाने गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला चालत जायचं, कोणाला धक्का न लावता, न थांबता. पलीकडे पोचलं की तू विचारणार, तुझ्या मागे कोण होतं? डाव्या खांद्यामागे काय होतं? पोरांना काही सांगता येईना. मग परत फिरवायचास. डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका हसून हसून बेजार. तेवढ्यात कांडपाच्या मशीनमधून तिखटाचा लोट आला आणि तुलाच असा ठसका लागला की डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं. एक बाई ओरडली, "अगो, गोऱ्याक ठसको लागलो बघ, पाणी दी त्याका!" तू पाणी प्यालास, तिला 'थँक्यू मावशी' म्हणालास आणि शिंकत शिंकत आपल्या कॅप्टनला, नितेशला, विचारलंस, "पाणी देणारी कुठल्या बाजूला उभी होती?" नितेश मच्छीमार नगरचा पोरगा, अशा गर्दीत वाढलेला. त्याने मागे न बघता बरोबर सांगितलं. त्या दिवसापासून तो तुझा झाला.

मीही त्याच दिवशी शिकलो. इतकी वर्षं खेळलो, मग कोचिंग केलं, आणि बॉल पायाशी यायच्या आधी मान वळवून मागे बघायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मैदानाबाहेरून आम्ही सगळे 'पुढे, पुढे' ओरडायचो आणि तू एकटा 'हळू, हळू' ओरडायचास. मराठीतला तुझा पहिला शब्द. तुझ्यामुळे मला खेळ दिसायला लागला, रादेक. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण आपण कायम भांडतच होतो.

आणि आपण वरच्या डिव्हिजनला गेलो. त्याच महिन्यात तुझा सत्कार ठेवला. मीही भोळा, मला वाटलं, चला, उशिरा का होईना, कदर झाली. आईने मला नवा शर्ट इस्त्री करून दिला. क्लबच्या हॉलमध्ये स्टेज, अध्यक्ष, पुष्पगुच्छ. तुला शाल पांघरली, स्मृतिचिन्ह दिलं आणि मनोगतासाठी माइक हातात दिला. तू खूश होऊन पुढच्या सीझनबद्दल बोलायला लागलास. मी शेजारी उभा राहून मराठीत सांगत होतो. कोणत्या दोन पोरांना वरच्या टीममध्ये घ्यायचं, मंगळवारची प्रॅक्टिस कशी बदलायची, पाऊस असताना कुठे खेळायचं. लोक टाळ्या वाजवत होते. कमिटी मान खाली घालून मोबाईल बघत होती. तुझं झालं, आणि निवेदकाने गळा साफ करून वाक्य टाकलं, "रादेक सरांना त्यांच्या पुढील वाटचालीसाठी क्लबतर्फे हार्दिक शुभेच्छा."

हे वाक्य आमच्याकडे कोणाला म्हणतात, ते इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला तिथल्या तिथे कळलं. तू माझ्याकडे बघून विचारलंस, काय म्हणाला? मी सरळ सांगितलं, "तुला काढलं." तोवर नवा कोच स्टेजवर चढलाही होता. तू शाल काढलीस, नीट घडी घातलीस, त्याच्याशी हात मिळवलास आणि त्याला म्हणालास, "राइट बॅकची मांडी सांभाळा, दुखलं तरी तो सांगत नाही." मी बाजूच्या खुर्चीला लाथ मारली. प्लास्टिकची होती, तिचा पाय मोडला. त्या संध्याकाळचा निषेध म्हणायचा तर एवढाच झाला.

मी तुला घरी घेऊन आलो. आईने बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. तू मुकाट्याने जेवत होतास, काटे छान वेगळे काढत होतास. आई बघत बसली आणि मग मला म्हणाली, "ह्या माणसाक राग येणा नाय काय रे? इचार त्याका." मी विचारलं. तू म्हणालास, "येतो. पण राग आला की मला झोप लागत नाही, आणि सकाळी प्रॅक्टिस असते." आई म्हणाली, "आता खयची प्रॅक्टिस?" तू माझ्याकडे बघितलंस. दुसऱ्या दिवशी आपण भोईवाड्यातल्या त्या दगडगोट्यांच्या छोट्या मैदानावर होतो आणि नितेशसकट टीममधली निम्मी पोरं आपणहून आली होती.

तिथे तू व्हिसा संपेपर्यंत शिकवलंस. त्यानंतर मी शिकवतोय. पण तू म्हणायचास ते खरं, मैदानाशिवाय काही नाही. आपली टीम कुठे नोंदलेली नाही, त्यामुळे लीग नाही. मंडळांच्या स्पर्धा खेळतो, ट्रॉफ्या आणतो, झालं. क्लबही धड राहिला नाही. नवा कोच टिकला नाही, टीम परत खालच्या डिव्हिजनला घसरली, खेळाडू सोडून गेले. त्यांच्याकडे मैदान आहे, लाइट आहेत, लीगमधली जागा आहे, पण खेळायला माणसं नाहीत. आणि नेमका आत्ता तू गेलास.

क्लबचा सेक्रेटरी परब, त्याचा फोन आला.

"विनायक, रविवारी शोकसभा ठेवलीय. पोरांना क्लबच्या जर्सीत घेऊन ये, जर्सी आम्ही देतो. स्टेजवर उभी करू. अध्यक्षसाहेब डिक्लेर करणारेत, रादेक सरांच्या आठवणीत सगळ्या टीमला परत क्लबमध्ये घेतो म्हणून."

"परब, त्याला काढला कोणी होता?"

"अरे माणूस गेला ना आता. आता कशाला ते उकरून काढतोस?"

"एक वाक्य माइकवर बोलायचं. 'आम्ही रादेकला काढलं, ती आमची चूक होती.' तेवढं बोला, पोरं आणतो."

"शोकसभेत असं बोलायची पद्धत नाही रे."

"आणि सत्कारात माणूस काढायची पद्धत आहे?"

परबने फोन ठेवला. तू म्हणशील, एका वाक्यासाठी एवढं काय? सांगतो. माझे बाबा गेले तेव्हा लोक म्हणायचे, बिचारे, गिरणी बंद पडली आणि खचले. अजूनही तसंच म्हणतात. बंद पडली, जशी काही म्हातारी होऊन आपणहून पडली. कोणी बंद केली, हे एकाही माणसाने बाबांच्या तोंडावर सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत वाट बघत होते, कोणीतरी येऊन सांगेल म्हणून. म्हणून मला ते वाक्य हवं होतं. तुझ्यासाठी तरी.

शनिवारी पोरांना जमवलं आणि म्हटलं, जोवर ते बोलत नाहीत तोवर आपण जायचं नाही. मग नितेश बोलला.

"सर, तुमचा राग बरोबर हाय, आपल्याला पण आला ना. पण आमचं वय निघून चाललंय. मी अठ्ठावीसचा झालो, लीग कधी खेळू? कोच असते ना, तर फोन आला त्याच दिवशी आम्हाला घेऊन गेले असते. खरं की नाय?"

"ते असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो."

"मग आता आमच्याशी काय करताय?"

पोरं हसली. मलाही हसू आलं, आणि मग मात्र मला पाठ फिरवावी लागली. नितेशचं खरं होतं. तू नेलं असतंस. मी कोण त्यांना अडवणार? म्हटलं, चला उद्या. पण मी बोलणार.

हॉल तोच, स्टेज तेच. तुझ्या फोटोला हार. पोरं नव्या कोऱ्या जर्सीत मागे रांगेत उभी. अध्यक्ष बोलायला उठले. तुझी शिस्त, तुझं मराठीवरचं प्रेम, तू आरतीला कसा यायचास. मग म्हणाले, "पुढे काही कारणास्तव सर मायदेशी परतले."

मी स्टेजवर चढलो आणि माइक घेतला. म्हटलं, "कारण मी सांगतो. याच स्टेजवर, टीम वर आणल्याबद्दल शाल देऊन, आपण त्यांना काढलं. ते पुढच्या सीझनबद्दल बोलत होते आणि आपण टाळ्या वाजवल्या. इथे बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. त्यांना इथून जायचं नव्हतं. फ्लेक्सवर ज्यांची नावं आहेत त्यांनी हे केलं. माझं नाव त्यातून काढा."

मला वाटलं होतं आता कोणीतरी उठेल, ओरडेल, मला खाली खेचेल. मी तयारीत होतो. कोणीच उठलं नाही. अध्यक्षांनी हळूच माइक माझ्या हातातून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "विनायक भावुक झालाय. साहजिक आहे. इतक्या वर्षांची सोबत." हॉलभर माना हलल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला. परबने मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

रादेक, मी भावुक झालो नव्हतो. मी संतापलो होतो. पण शोकसभेत संतापालाही रडणंच समजतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझं खरं बोलणं त्यांनी माझ्याच डोळ्यांदेखत तुझ्या हारात ओवून टाकलं. मग दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, मग चहा आणि वेफर्स. चहा पिताना परब कोणाला तरी सांगत होता की कार्यक्रम फार हृद्य झाला.

पोरांची नोंदणी तिथेच झाली. अध्यक्षांनी एकेकाशी हात मिळवला, नितेशनेही मिळवला, आणि तो आनंदात होता हे मला दिसत होतं. त्याला आनंद होऊ नये असं मला वाटत नाही. तुझी पोरं आहेत ती, तुझ्यासारखीच गेली, जिथे मैदान चांगलं तिथे. शेवटी अध्यक्ष माझ्यापुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. "झालं गेलं विसर, विनायक. तूच शिकव पोरांना." मी म्हटलं, शिकवीन. त्यांचा हात मात्र तसाच राहिला.

तू मिळवला असतास, मला माहीत आहे. वर वेफर्स चांगले होते असंही म्हणाला असतास. आपल्या भांडणात शेवटी पोरांनी तुझ्या बाजूने मत दिलं, तेही मान्य. पण मला एक सांग, तुझ्या अख्ख्या करिअरमध्ये, तुझ्या गावापासून आमच्या परळपर्यंत, तुझ्या बाजूने रागावलं कोण? तू तर नाहीसच. हाना म्हणते, तीही नाही, तू तिला रागावू द्यायचा नाहीस. मग आता मला अडवू नकोस. उद्यापासून पोरं क्लबच्या मैदानावर असतील, मीही असेन, वेळेवर. अध्यक्ष येतील, विनायक अजून सावरलेला नाही असं म्हणतील. म्हणू देत. रडायचं ते मी घरी रडेन, आईही रडते. मैदानावर जाईन तो रागावूनच.